मुलीला मनगटावर शास्त्रवचन गोंदवून घ्यायचे आहे आणि तिची आजी दुखावली आहे: ख्रिस्ती कुटुंबांत ही मते खरोखर बदलत आहेत का?

प्रश्न: एक आई, पुणे

सर्वांना सलाम.

आमचे कुटुंब मूळचे राहुरी तालुक्यातील. पुण्यात येऊन दोन पिढ्या झाल्या. माझे सासरे मिशन शाळेत शिक्षक होते आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच म्हणून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. गेल्या वर्षी ते ख्रिस्तवासी झाले. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेली आहे, आणि फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या २१ वर्षांच्या मुलीला ती ओळ, अक्षरांचे वळण तसेच ठेवून, मनगटाच्या आतील बाजूस टॅटू म्हणून गोंदवून घ्यायची आहे. तिने हे लपूनछपून केले नाही. रविवारच्या उपासनेनंतर, सगळे एकत्र जेवायला बसलो असताना, तिने सरळ विचारले.

माझ्या सासूबाईंना याचे फार वाईट वाटले. त्यांनी जुन्या करारातील लेवीय १९:२८ काढून दाखवले, ज्यात मृतासाठी अंगावर जखमा करून घेण्यास आणि अंग गोंदवून घेण्यास एकाच वाक्यात मनाई केली आहे. नात जे करू पाहते ते मृत आजोबांसाठीच असल्यामुळे हे वचन थेट तिलाच लागू पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या यजमानांचा आक्षेप वेगळा आहे. लग्नाच्या वेळी पाहुणे काय म्हणतील, मंडळीत काय बोलले जाईल, ही त्यांची चिंता आहे आणि ती ते प्रामाणिकपणे बोलूनही दाखवतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या दिरांच्या मुलाने कोणालाही न विचारता दंडावर क्रूस गोंदवून घेतला, तेव्हा त्याला गायनमंडळातून काही काळ दूर ठेवण्यात आले. तो कालावधी संपल्यावरही तो परत आला नाही, आणि आज तो नाताळलासुद्धा मंदिरात येत नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ शाई आणि कातडीचा उरलेला नाही.

दुसरीकडे मी पाहते की ज्या घरांत दहा वर्षांपूर्वी अशा गोष्टीवरून अबोला धरला गेला असता, त्याच घरांतील मुले आज क्रूस, मासा किंवा एखादे वचन गोंदवून मोकळेपणाने प्रभुभोजनाला पुढे येतात आणि त्यांचे आईवडील त्यांच्या शेजारी उभे असतात. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की आपल्या घरांतील हा बदल शास्त्राच्या नीट अभ्यासातून आला आहे, की मुलांपुढे आपले काही चालत नाही म्हणून आपण गप्प बसलो आहोत? ज्यांनी आपल्या घरात हा प्रसंग हाताळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर: निवृत्त पाळक, अहिल्यानगर

ताई, आपल्या सासूबाईंनी दाखवलेले वचन टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

लेवीयाचा एकोणिसावा अध्याय इस्राएल लोकांना शेजारच्या राष्ट्रांच्या चालीरीतींपासून वेगळे ठेवण्यासाठी दिलेल्या आज्ञांचा आहे. मृतांसाठी शोक करताना अंगावर वार करून घेणे ही त्या राष्ट्रांची रीत होती. अनुवाद १४:१ मध्येही तिला मनाई आहे, आणि बआलाचे संदेष्टे आपल्या दैवताला जागे करण्यासाठी स्वतःला कसे कापून घेत होते, हे १ राजे १८:२८ मध्ये आपण वाचतो. गोंदण्याची मनाई त्याच वाक्यात येते, यावरून तिचा संबंध परक्या उपासनेशी आणि मृतांविषयीच्या विधींशी होता, असे अनेक अभ्यासक मानतात व मलाही तसेच वाटते. याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र वापरू नये आणि दाढीच्या कडा छाटू नयेत असेही सांगितले आहे, आणि आपण त्या आज्ञा पाळत नाही. यरुशलेमच्या सभेने, म्हणजे प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचा संपूर्ण भार घालायचा नाही असा निर्णय दिला. त्यामुळे गोंदवून घेणे हे स्वतःच पाप आहे, असे मी व्यासपीठावरून कधी सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही.

मात्र तो अध्याय जुना झाला म्हणून बाजूला सारावा, असेही कोणी तरुणांना सांगू नये. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा त्याच अध्यायात आहे. गोंदण्याच्या आज्ञेनंतर चारच ओव्यांनी, पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहावे व वृद्धांचा मान राखावा, असे सांगितले आहे. आपली मुलगी अठ्ठाविसावी ओवी आजीबरोबर वाचणार असेल, तर दोघींनी बत्तिसाव्या ओवीपर्यंत वाचत जावे, अशी माझी विनंती आहे.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातील वचनही या वादात नेहमी पुढे केले जाते. तेथे प्रेषित पौल जारकर्माविषयी बोलत आहे. ते वचन गोंदण्यावर लावायचे असेल तर तंबाखू, अतिखाणे आणि मद्य यांवर ते आधी लावावे लागेल, आणि तसे आपण आपल्या घरातील मोठ्या माणसांच्या बाबतीत क्वचितच करतो. तरुण मुले हे पाहत असतात.

आता ज्या गोष्टीविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही, तिच्याकडे वळतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यातील गावोगावच्या महार व मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक प्रभूकडे आले. त्या बायका आपल्याबरोबर हातांवरचे, कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण घेऊनच मंडळीत आल्या. माझ्या लहानपणी अशा वृद्ध स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट पडलेल्या ठिपक्यांच्या रांगा असत. त्याच हातांनी त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा व प्याला घेत, आणि कोणत्याही पाळकाने त्यांना कधी अडवले नाही. त्यांच्या मुलींनी मात्र गोंदवून घेतले नाही. मिशनच्या वसतिगृहात शिकलेल्या, परिचारिका आणि शिक्षिका झालेल्या त्या पिढीला गोंदण म्हणजे गावकुसाबाहेरचे जुने आयुष्य वाटत होते. अंगावरची ती खूण दिसली की माणसे जात ओळखत. मंडळीच्या नियमांत नसलेली बंदी घराघरांत इतकी पक्की झाली, याचे मोठे कारण मला येथे दिसते, आणि ज्या लोकांनी इतक्या कष्टाने मान मिळवला त्यांच्या या भावनेकडे मी आदराने पाहतो.

आजच्या मुलांना त्या खुणेची भीती नाही, कारण त्यांच्या आजीआजोबांनी ती भीती उरू दिली नाही. म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी माझे मत असे आहे, की सगळाच बदल ही पालकांची शरणागती नव्हे. आपल्या सासूबाईंना त्यांच्या आईच्या आणि आजीच्या हातांविषयी जरूर विचारा. त्या काय सांगतील ते मला ठाऊक नाही, पण नातीने ते ऐकले पाहिजे.


उत्तर: दोन मुलांचा वडील, वसई

ताई, आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे आमच्याकडील वाद थोडा निराळ्या वाटेने गेला. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यात टॅटूवर बंदी नाही. आमच्या घरातील विरोध शास्त्रवचनावरून कधी नव्हताच. टॅटू म्हणजे गुंडांची आणि दारुड्यांची खूण, एवढेच माझ्या वडिलांच्या पिढीच्या मनात होते, आणि मी स्वतः त्याच समजुतीत वाढलो.

माझ्या थोरल्या मुलाने खांद्यावर पवित्र मारियेचे चित्र गोंदवून घ्यायचे ठरवले, तेव्हा मी त्याला आमच्या धर्मग्रामातील फादरांकडे घेऊन गेलो. फादर त्याला रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मुलाला एवढेच विचारले की हेच चित्र का, आणि मग अर्धा तास त्याचे बोलणे ऐकून घेतले. आईच्या आजारपणात त्याने रोज रात्री एकट्याने रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पुढे वाचनात आले की दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये, तरुणांविषयीच्या बिशपांच्या सभेची तयारी म्हणून रोममध्ये जगभरातील युवकांना बोलावले होते, तेव्हा याच प्रश्नावर त्यांनी टॅटूंना घाबरू नका असे सांगितले होते. एरिट्रियातील ख्रिस्ती लोक कपाळावर क्रूस गोंदवतात याचा उल्लेख त्यांनी केला, अतिरेक वाईट हेही सांगितले, आणि टॅटूच्या निमित्ताने तरुणाशी संवाद सुरू करता येतो असे सुचवले. आमच्या फादरांनी नेमके तेच केले होते.

ख्रिस्ती लोकांनी अंगावर क्रूस गोंदवणे ही अमेरिकेतून आलेली नवी फॅशन आहे, असे अनेक ज्येष्ठ समजतात, म्हणून थोडे इतिहासाविषयी लिहितो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतील बाजूस लहानसा क्रूस गोंदवतात, अगदी लहान मुलांच्या हातावरसुद्धा; ज्या देशात ख्रिस्ती असणे धोक्याचे ठरू शकते तेथे ही खूण लपवता येत नाही, आणि तरीही ते ती करून घेतात. यरुशलेमच्या जुन्या शहरात रझूक नावाचे कॉप्टिक वंशाचे कुटुंब यात्रेकरूंना टॅटू काढून देते आणि आपली परंपरा सुमारे ७०० वर्षांची असल्याचे सांगते. त्यांच्याकडे लाकडात कोरलेले जुने ठसे अजून आहेत. आमच्या भागातून पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी तेथेच मनगटावर यरुशलेमचा क्रूस काढून घेतला. ते परत आल्यावर गावात या विषयावरील बोलणे जितके मवाळ झाले, तितके कोणत्याही प्रवचनाने झाले नसते. इंग्लंडच्या उत्तर भागात ७८७ मध्ये भरलेल्या धर्मसभेच्या अहवालातही असाच भेद केलेला आढळतो: मूर्तिपूजकांच्या रीतीने अंग रंगवणे निषिद्ध, पण कोणी देवासाठी ती वेदना सोसली तर ती फळाला येईल.

तरीही सगळेच मला पटते असे नाही. पोटरीवर ख्रिस्ताचा चेहरा आणि घोट्याभोवती रोझरी पाहिली की मला आजही त्रास होतो. पायाशी काय असावे आणि काय असू नये याविषयी आपल्या मातीत एक जाण आहे, आणि ती ख्रिस्ती झाल्यामुळे संपत नाही. आपल्या मुलीने मनगट निवडले आहे, यात मला तिची समज दिसते.


उत्तर: परिचारिका, मुंबई

ताई, मी २९ वर्षांची आहे, माझ्या डाव्या दंडावर लहान क्रूस आहे आणि मी मंडळीच्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवते. माझ्या आईने होकार द्यायला बराच काळ घेतला. मी तोपर्यंत थांबले, आणि ते थांबणे मला ओझे वाटले नाही, कारण दर वेळी नाही म्हणताना आई तिचे कारण सांगत असे.

वसतिगृहात माझी खोलीतील मैत्रीण नागालँडची होती. तिच्या प्रांतात १८७२ पासून अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरींचे काम सुरू झाले आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. कोन्याक लोकांत चेहऱ्यावरील गोंदण शिरच्छेदाच्या जुन्या लढायांशी जोडलेले असल्यामुळे ख्रिस्ती झाल्यावर ते बंद पडले. आता त्याच भागातील ख्रिस्ती तरुण जुन्या नक्ष्यांचा अभ्यास करून त्या पुन्हा अंगावर घेऊ लागले आहेत, आणि यावरून तेथील घरांतही हाच वाद चालतो. पाळकसाहेबांचे उत्तर वाचताना मला तिची आठवण झाली.

आता आपल्या मुलीसाठी काही गोष्टी, ज्या तिला टॅटूच्या दुकानात कोणी सांगेलच असे नाही. फिजिओथेरपीमध्ये तिचे हात दिवसभर रुग्णाच्या अंगावर असतात आणि ते सतत धुवावे लागतात. नवा टॅटू ही जखम असते; वरची कातडी भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या काळात मनगट वारंवार ओले करणे, त्यावर हातमोज्याची घट्ट कड घासणे हे तिच्यासाठी आणि रुग्णासाठीही योग्य नाही. इंटर्नशिप संपून नोकरी सुरू होण्याआधीचा मोकळा काळ तिने निवडावा. काही रुग्णालये दर्शनी भागावरील टॅटूला हरकत घेतात, तेव्हा तिला जेथे अर्ज करायचा आहे तेथील नियम आधी विचारून घ्यावेत. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीनही डोस पूर्ण झालेले असावेत. हिपॅटायटिस सी वर लस नाही, म्हणून सुई नवी आहे आणि शाई तिच्यासाठी वेगळ्या कपात काढली आहे, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जखमेचा व्रण जाड होऊन वर येण्याची प्रवृत्ती घरात कोणाला असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गोंदवल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी देवनागरी अक्षरांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. कातडीखालची शाई वर्षानुवर्षे थोडी थोडी पसरते. अक्षरे बारीक असतील तर अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षरांतील मोकळ्या जागा बुजतात, आणि आजोबांचे सुंदर वळण काही वर्षांनी वाचता येत नाही. संपूर्ण ओळीऐवजी तिने त्यातील दोनतीन शब्द मोठ्या आकारात घ्यावेत. काढणाऱ्याला मराठी वाचता येतेच असे नाही. कातडीवर आधी उमटवलेला आराखडा घरातील दुसऱ्या माणसाने अक्षर न अक्षर तपासावा. नंतर लेझरने काढून टाकायचे म्हटले तर अनेक आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च मोठा येतो आणि खूण पूर्ण जाईलच अशी खात्री नसते.

आपल्या यजमानांच्या चिंतेविषयी एवढेच सांगते, की माझ्या लग्नाच्या बोलणीत हा विषय निघाला. मी नवऱ्याकडच्यांना क्रूस दाखवला, कधी आणि का काढला ते सांगितले, आणि बोलणे पुढच्या गोष्टीकडे वळले. हे सर्वांच्याच बाबतीत इतके सोपे जाईल असे मी म्हणत नाही.


उत्तर: एक विश्वासणारा, पिंपरी

वरील उत्तरांचा मान राखून मी वेगळे मत मांडतो. पाळकसाहेबांनी गोंदण सोडण्यामागे जातीची ओळख पुसण्याची इच्छा होती असे लिहिले आहे. ते काही घरांत खरे असेल. माझ्या आईच्या बाबतीत ते पुरेसे नाही. तिच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही गावांत बायका देवाच्या नावाने गोंदवून घेत, आणि मेल्यावर अंगावरचे दागिने काढले जातात पण गोंदण बरोबर येते, अशी समजूत होती. माझ्या आईने प्रभूचा स्वीकार केल्यावर आपल्या मुलींना गोंदू दिले नाही, कारण मृत्यूनंतर आपल्याबरोबर काय येते याचे तिला नवे उत्तर मिळाले होते. तिची ही निष्ठा कोणी केवळ लाज म्हणून मोजू नये.

सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सर्व गोष्टी उन्नती करत नाहीत, असे पौलच लिहितो. मुलीला मोकळीक आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या आजीने शोकाचे हे पहिलेच वर्ष कसेबसे काढले आहे, तिच्या डोळ्यांसमोर रोज दिसणारी ही गोष्ट तिची उन्नती करील का, याचा विचार मुलीने करावा. आजोबांचे ते हस्तलिखित पान चौकटीत लावले तर घरातील सर्वांनाच ते वाचता येईल.


उत्तर: निवृत्त पाळक, अहिल्यानगर

पिंपरीच्या बंधूंनी लिहिलेली बाजू मी पाहिलेल्या घरांतही होती आणि ती मांडली गेली हे बरे झाले. एकाच मंडळीत दोन बायकांनी दोन वेगळ्या कारणांनी एकच गोष्ट सोडलेली असू शकते, म्हणूनच प्रत्येक घराने आपल्या ज्येष्ठांना स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

ताईंच्या दिरांच्या मुलाविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. टॅटूमुळे कोणाला गाण्याच्या सेवेतून दूर ठेवावे, यासाठी मला शास्त्रात आधार सापडत नाही. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो आणि परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे राजा म्हणून दाविदाच्या निवडीच्या वेळी शमुवेल संदेष्ट्याला सांगितले गेले. त्या मुलाच्या घरी पाळकाने आणि एखाद्या पंचाने स्वतः जावे, त्याच्या परत येण्याची वाट पाहत बसू नये.


प्रश्न विचारणारी आई, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सर्व उत्तरे मी घरी मोठ्याने वाचून दाखवली.

सासूबाईंनी संमती दिलेली नाही. त्यांच्या आजीच्या हातावर गोंदण होते आणि ते कशाचे होते हे त्यांनी मुलीला सांगितले. ते देवाच्या नावाचे होते, त्यामुळे पिंपरीच्या बंधूंचे म्हणणे त्यांना अधिक जवळचे वाटले. मुलीने इंटर्नशिप संपेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. तिने आजीला सांगितले की मी तुझे मन वळवण्यासाठी थांबत नाही, तुझ्याशी बोलून निर्णय घेण्यासाठी थांबते. यजमान अजून लग्नाच्याच चिंतेत आहेत, तरी परिचारिका ताईंचे उत्तर त्यांनी पुन्हा वाचायला मागितले.

दिरांच्या मुलाचा विषय मी आमच्या मंडळीच्या पंचांकडे लेखी दिला आहे. गायनमंडळाविषयीचा तो निर्णय कोणत्या नियमाने झाला, हे मी त्यात विचारले आहे, आणि पाळकांनी त्याच्या घरी भेट द्यावी अशी विनंती केली आहे. पंचांची बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तेथे जे ठरेल ते मी येथे कळवीन.